व्यंक्याच्या काचेवरचा एक नंबर

व्यंक्या खोटारडा होता.

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

त्याचं मोबाईलचं दुकान. रिक्षावाल्यांना पेनड्राईव्हमध्ये गाणी भरून द्यायचा. आम्ही सोलापूरची पाच-सहा पोरं रॅप करायचो, तोही त्यातलाच. आमचे सगळ्यांचे अल्बमही तो तसेच विकायचा. दर रविवारी दुकानाच्या काचेवर कागद. ज्याचा अल्बम जास्त खपला तो वर. परदेशात असाच चार्ट असतो बे, म्हणायचा.

पहिल्या रविवारी व्यंक्या वर, मी तळाला.
पुढच्या रविवारी मी वर, तो तळाला. मग चार वर्षं तसंच.

मला वाटलं, पब्लिकला अक्कल आली.

लई बोललो त्याला. मराठीत तेलुगू घुसडतोस, कोण ऐकणार तुझं? चारचौघांत 'शेवटचा डबा' म्हणून हाक मारायचो. तो हसायचा, चहा सांगायचा.

त्या कागदाच्या जोरावर मी चादरीच्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडली. सोडण्याआधी त्याला विचारलं होतं.
"बघ बे, तुझं तू," म्हणाला.
तेव्हा तरी बोलायचं होतंस.

मागच्या महिन्यात त्याला अटॅक आला. बत्तिसाव्या वर्षी.

स्मशानात रिक्षावाल्यांची ही गर्दी. एकाने व्यंक्याचं रॅप म्हणायला घेतलं, मग सगळेच म्हणू लागले. तेलुगूसकट, तोंडपाठ.
माझी एक ओळ कुणाला येत नव्हती. मी कोण, तेही माहीत नव्हतं.

त्याची बायको, वहिनी, पण दुकानात बसायच्या. आठवड्याने घरी जाऊन त्या कागदांचं विचारलं.

"त्यांचाच जास्त जायचा, भाऊजी. तुमचं नाव वर लिहायचे आणि स्वतःचं खाली. पहिला कागद बघून तुम्ही रडला होता म्हणे."

रडलो होतो. रॅप सोडतो म्हणालो होतो. खरं आहे.

म्हणून चार वर्षं फसवायचं?

बाकीच्या पोरांनाही ठाऊक होतं. वाचताय ना रे? एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

नोकरीचं जाऊ दे, ती गेली. पण मी तोंडावर तुझी लाज काढायचो आणि तू ऐकून घ्यायचास, ते आता कुठं फेडू?

एकदा सांगायचं होतंस की. शिव्या दिल्या असत्या. महिनाभर दुकानाकडं फिरकलो नसतो.
मग आलो असतो.

आता कुणाकडं येऊ?

श्रद्धांजली लिहायला हात उचलत नाही. राग आहे अजून.
जा बे व्यंक्या. नीट जा.