दोर मला पटला नाही

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची शाळा लांब होती आणि विहिरीचं काम जवळ होतं. तरी हे मी माझ्या हातानं लिहितो आहे, कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. चूक माझी आहे, ती दुसऱ्याच्या अक्षरात नको.

रोहिणखेडच्या आसपास मी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. आमची जोडी होती. मी खाली उतरायचो, आणि माझा जोडीदार वर यारी चालवायचा. यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभी केलेली ओढणी, तिच्या तारेला डोल लावून खालची दगडमाती वर काढतात. जोडीदार जुन्या मशिदीमागे राहतो, जातीनं लोहार नाही पण लोखंड त्याच्या हाताला ओळखतं. मी डोलमध्ये उभा राहून उतरायचो. कमरेला वेगळा दोर असायचा आणि त्याचं टोक त्याच्या हातात.

आमच्या कामाचे दोनच कायदे. एक, आपली गाठ आपण बांधायची. दुसरा, वरच्यानं नाही म्हटलं की त्या दिवशी उतरायचं नाही. काऊन, म्हणजे का, असं विचारायचंसुद्धा नाही. खालच्याला फक्त आपल्यापुढचा दगड दिसतो, वरच्याला सगळी विहीर दिसते. म्हणून डोलमध्ये पाय टाकण्याआधी मी रोज त्याच्या हाताकडे पाहायचो. माझी लेक लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा तिलाही मी हेच शिकवलं. म्हटलं, दोर मागून पाह्य, आधी धरणाऱ्याचा हात पाह्य.

ती लेक पुढं शाळेत खेळ शिकवणारी बाई झाली. कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिराला गेली आणि तिला डोंगराचं वेड लागलं. उत्तरेकडं जाऊन बर्फावर चढायचं शिक्षण घेऊन आली, दोन लहान शिखरंही केली. गावातले लोक विचारत, पोरीचं लग्न कुठी जमलं का? मी म्हणायचो, जमलं, डोंगराशी जमलं. लोक गप बसायचे. मला ते आवडायचं.

मग एक मोठं शिखर ठरलं. नेपाळातलं, सात हजार मीटरच्या वरचं. त्याचं नाव मला धड घेता येत नाही, म्हणून लिहीत नाही. पुण्याचे एक सर आठ जणांना घेऊन जाणार होते, सोबत तिकडचे शेर्पा. त्या आठांत विदर्भातली ही एकटी.

सहा महिने आमच्या घरात तेच काम चाललं. पहाटे ती पाठीवरच्या पिशवीत वाळू भरून राजूर घाट चढायची आणि शाळेच्या वेळेला परत यायची. संध्याकाळी ओसरीत मोठे कागद पसरायची, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर माझे छिन्नी-हातोडे ठेवायची. कोणत्या दिवशी कोणत्या कॅम्पला, किती वजन, कोणासोबत, सगळं त्यात. उंच चढायचं आणि झोपायला परत खाली यायचं, अंगाला हवेची सवय व्हावी म्हणून. मला ते पटलं. नवीन विहिरीतही माणूस एकदम तळाला जात नाही.

"बाबा, तिथी पाय नका देऊ. तो तिसरा कॅम्प हाय."

"घर माहं हाय. कॅम्प तुहा असंन."

"मंग चपला तरी काढा. बर्फावर शेण नेता काय?"

तिची आई स्वयंपाकघरातून हसायची. ती शेंगदाण्याचे लाडू करून डब्यात भरत होती. लेक म्हणायची, आई, तिथी घशाखाली काहीच उतरत नाई. आई म्हणायची, मंग वास घेजो.

मी कागदाजवळ बसून विचारायचो. मला इंग्रजी येत नाही, पण कामातलं विचारता येतं.

"दोर कोण बांधते?"

"शेर्पा आधी जाऊन लावून ठेवतात. मंग आपण आपला चाप त्याच्यात अडकवायचा. तो वर सरकते, खाली घसरत नाई."

"गाठ?"

"आपली आपणच."

मला बरं वाटलं. "अन् वर कोण राह्यते?"

ती हसली. "वर कोणीच नाई बाबा. वर तर आपल्यालेच जायचं असते. वाट पाह्यणारा खाली राह्यते."

"असं कुठी असते? वरचा माणूस पाह्यजेच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पेन्सिल घेतली आणि कागदाच्या अगदी माथ्यावर, शिखराच्याही वर, लिहिलं : वरचा माणूस, बाबा.

"आता झालं समाधान?" म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी जोडीदाराला मशिदीमागं जाऊन हे सांगून आलो.

पुण्याचे सर एकदा फोनवर चेहरा दाखवून बोलले. "काका, दुपारी एक वाजता जो जिथे असेल तिथून मागे फिरेल. शिखर दहा पावलांवर असलं तरी." मी लेकीला म्हटलं, हा माणूस कामाचा हाय, जाय याच्यासंग. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं.

मग घरच्यांच्या सहीचा कागद आला. मी म्हटलं, वाचून दाखव, न वाचता मी सही करत नाही. ती भरभर वाचत गेली. एका ओळीवर तिचा आवाज जरा पळाला. मी म्हटलं, ही पुन्हा वाच. तिनं वाचलं. मृत्यू झाल्यास देह खाली आणता येईलच असं नाही.

"हे सगळ्याइकडून लिहून घेतात बाबा. रीत हाय."

एका वर्षी आमची एक विहीर ढासळली होती. आत अडकलेला माणूस गेला होता, हे वर सगळ्यांना कळत होतं. तरी आम्ही दोन दिवस उकरत होतो. खाली माणूस ठेवून आमच्यातलं कोणी घरी जेवायला गेलं नाही. आणि इथं माझ्या लेकीचं आधीच लिहून घेत होते.

मी तिला हे सांगायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं की बाई, मला भीती वाटते. ते मला जमलं नाही. पन्नास हात खोल उतरणारा माणूस मी, भ्यालो हे कोणाला सांगू? कागद तसाच ठेवला, म्हटलं, उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तुहा दोर दाखव."

सरावासाठी आणलेला दोर तिनं समोर ठेवला. बोटाएवढा जाड, निळा, कुठं गाठ नाही, कुठं तंतू सुटलेला नाही. मी तो हातभर हातभर सरकवत शेवटापर्यंत पाहिला. इतका चांगला दोर मी जन्मात धरला नव्हता. ती समोर उकिडवी बसून माझ्या हातांकडं पाहत होती.

मी दोर खाली ठेवला. "दोर मले पटला नाई. तू उतरायचं नाई."

जायचं होतं चढायला, मी म्हणालो उतरायचं. तिनं ते दुरुस्त केलं नाही.

"तिथला दोर दुसरा असते बाबा," एवढंच म्हणाली.

"मी वरचा माणूस हाय ना? तूच लिहिलं. मी नाई म्हणतो."

 मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर मी हरलो असतो, सही केली असती. पण तिनं काऊन असं विचारलं नाही. फोन उचलला आणि अंगणात जाऊन सरांना सांगितलं, घरची अडचण आहे, माझ्या जागी दुसरं कोणी घ्या. मग आत येऊन कागदांवरचे छिन्नी-हातोडे एकेक उचलून माझ्या पेटीत ठेवले, आणि कागदांची गुंडाळी केली.

लाडवांचा डबा तिच्या आईनं बंदच ठेवला. पुढं त्यांना वास यायला लागला तेव्हा गाईला घातले.

आठवड्यानं जोडीदार आला. ओट्यावर टेकला, चहा घेतला आणि म्हणाला, "काऊन बे, दोर पाह्यला म्हणे तू? तुले सुईतला दोरा दिसत नाई, अन् दोर पाह्यला?"

"नाई पटला."

"झूट बोलतं. माह्यासंग झूट बोलतं?" त्यानं कप खाली ठेवला. "चाळीस वर्षांत मी तुले दोनदा नाई म्हटलं. एकदा कड्याले भेग होती अन् एकदा तारेचा पीळ तुटला होता. तू काय समजतं, मले भेव नव्हतं? तू खाली गेला की वर येईस्तोवर माह्या तोंडाले पाणी नसे. रोज. भेव वाटलं म्हणून नाई म्हटलं असतं, तर या तालुक्यात एक विहीर झाली नसती."

मी म्हटलं, "लेक माही हाय."

"हाव. अन् तू माहा कोण होता?"

तो उठून गेला. चप्पल घालताना मागं पाहिलं नाही.

मला तेव्हाच आत जाऊन लेकीला सांगता आलं असतं. जागा अजून भरली नव्हती. मी गेलो नाही. म्हटलं, बापाचा शब्द एकदा गेला तो गेला. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

ते लोक गेले आणि आले. काही माथ्यावर पोचले, काही एक वाजता मागं फिरले. सगळे धड घरी आले. लेकीनं फोनवर त्यांचे फोटो तिच्या आईला दाखवले. हा पहिला कॅम्प, हा दुसरा. मी दारातून पाहत होतो. मला बोलावलं नाही, आणि मीही न बोलावता जाणारा नाही.

थंडी सरल्यावर ती पुन्हा पहाटे वाळूची पिशवी घेऊन घाटाकडं जायला लागली. मला कळलं, सर पुन्हा माणसं जमवत असणार. मी मनाशी ठरवलं, या वेळी विचारलं की लगेच हो म्हणायचं. सही करायला पेनसुद्धा खिशात ठेवला. रोज वाट पाहायचो. ती विचारायला येत नव्हती आणि मी आपण होऊन सांगत नव्हतो. दोघांचं रक्त एकच.

एका सकाळी ती स्कूटरवर घाटाच्या पायथ्याकडं निघाली होती. शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आला, घोड्याएवढं जनावर ते. तिनं त्याला वाचवलं आणि स्वतः पडली. सपाट, चांगल्या डांबरी रस्त्यावर. घोट्याचे तीन तुकडे झाले. आत पट्टी आणि स्क्रू टाकले. डॉक्टर म्हणाले, चालेल, शाळेत शिकवेल, पण पाठीवर ओझं आणि बर्फातली थंडी आता या पायाला चालणार नाही.

तिच्या आईनं विचारलं, "कधीच नाई?"

डॉक्टरांनी मान हलवली. लेक खिडकीतून बाहेर पाहत होती.

घरी आणल्यावर तिचा पाय उशीवर होता. मी चहा घेऊन गेलो. कप तिच्या हातात दिला आणि तिथंच उभा राहिलो. चौदा महिने घशात होतं ते बाहेर काढायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागला.

"दोर चांगला होता," मी म्हटलं.

"माहीत हाय बाबा."

"तवाच माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन ऐकलं माहं?"

तिनं कप बाजूला ठेवला. "मी दोर पाह्यतच नव्हती. तुमचा हात पाहून राह्यली होती. थरथरून राह्यला होता. धरणाऱ्याचा हात थरथरला तर पाय टाकायचा नाई, हे तुमीच सांगितलं."

मी खाली बसलो. तिनं मला रागानं काही म्हणावं एवढंही मला मिळालं नाही.

आता ती काठी घेऊन चालते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, म्हणून सकाळी आम्ही दोघं घाटाजवळ ऑटोतून उतरून पायथ्यापर्यंत चालत जातो. तिथं रस्ता चढाला लागतो. ती थांबते, काठीवर भार देते आणि वर पाहते. मी तिच्या बाजूला उभा राहतो. पेन अजून माझ्या खिशात आहे. तिनं एकदा विचारावं, पहिल्या वळणापर्यंत जाऊ का, एवढंच विचारावं, म्हणून मी वाट पाहतो. माझा हात मी धोतराच्या घडीत धरून ठेवतो, तिला दिसू नये म्हणून.

ती विचारत नाही. "चला बाबा, शाळेले उशीर होते," म्हणते, आणि आम्ही परत फिरतो.