थोड्या जागेत उतरणारं विमान

धान कापलेल्या आमच्या बांध्यांतून तो अनोळखी माणूस ढांगा मोजत चालला होता. दोन बांध्यांमधला मातीचा धुरा आला की त्यावर पाय न देता उडी मारायचा, आकडा विसरायचा, पुन्हा मागे यायचा.

“काय मोजून राहिला, बाबू?”

“धावपट्टी, आजी. जुनं विमान विकत घेऊन राहिलो, दोन इंजिनांचं. त्याले थोडीच जागा पुरते.”

मला स्वतःचंच हसू आलं. विशीत विमानाचा आवाज आला की मी रोवणी सोडून चिखलाचा हात हलवायची. पायलट मला पाहून खाली येईल, म्हणून चिखलात लग्नातलं लुगडं नेसून जायची. अशी मी महामूर्ख!

हे सांगितलं, तर तो हसला नाही. टोपी काढून म्हणाला, “जन्मभर दुसऱ्यांची विमानं चालवली. हात हलवणारे दिसत होते, आजी. उतरायलेच जागा नव्हती.”

“मंग हे धुरे पाडून टाक. पण पहिले मले बसव.”

सौदा झाला की येतो म्हणाला. दोन वर्षं झाली. धान निघालं की मुलगा तिथं लाखोरी पेरायला निघतो आणि मी आडवी येते.

“काहून, माय?”

“जमिनीले आराम पाह्यजे,” मी म्हणते.