अर्ध्या गाण्याचं कौतुक

आमच्या अल्बमवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांतला एकही माणूस आयुष्यात चिखलात उतरला नसावा, हे मी पैजेवर सांगतो. चिखल सोडा, गोंदियाच्या फलाटावरसुद्धा उतरला नसावा. तरी सगळे कसे छातीठोक! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बँडमध्ये आम्ही तिघे. गिटारवाला आणि ड्रमवाला गोंदिया शहरातले, घरीदारी हिंदी बोलणारे. मी मुर्रीचा, बास वाजवतो आणि गाणी लिहितो. आमचं रॉक असं, की चाल सापडली म्हणता म्हणता हातातून निसटते. शहाणे लोक त्याला प्रायोगिक म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला वेगळं नाव आहे, ते छापण्यासारखं नाही.

अल्बमचं शेवटचं गाणं माझ्या मामीचं. मामी चोरखमाऱ्याकडची, सगळा जन्म लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवण्यात गेला. माझी आई, म्हणजे तिची नणंद, दर रोवणीला माहेरी जायची आणि दोघी बांधीत शेजारी शेजारी उभ्या राहून गायच्या. मामी पुढे, आई मागून, एवढंच मला माहीत होतं. आई वारली आणि मामीनं ते गाणं बंदच केलं. मी फार गळ घातली तेव्हा म्हणाली, "म्हनीन गा, पन ते एकटीनं म्हनाचं गानं नोहे. तुमी रायसाल ना संग?"

गिटारवाला लगेच पुढे सरसावला, "हम हैं ना, मामी!"

मामीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. इतक्या वर्षांनी तिच्यासोबत कोणी गाणार होतं. आम्हाला आपलं वाटलं, म्हातारी बुजते आहे, सोबत मागते आहे.

ड्रमवाल्याच्या काकाच्या राईस मिलमागच्या खोलीत आम्ही तिला माईकपुढे बसवलं. नवं लुगडं नेसून आली होती. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून पाहायची, मग पुढची ओळ. आम्ही समजलो, दम घेते आहे. गिटारवाल्यानं प्रत्येक वेळी अंगठा वर करून दाखवला. तो अंगठा मला आजही आठवतो आणि स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटते. पुढे त्या मोकळ्या जागांत कुठे त्यानं गिटार किंचाळवली, कुठे काहीच न टाकता तशीच सोडून दिली. मामीला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग आली परीक्षणं. कपाळ माझं!

एका वेबसाईटवाल्यानं मामीला 'अनाम आदिवासी आजी' करून टाकलं आणि गाण्याला पर्जन्यदेवतेची आळवणी. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. पाऊस हवा असला तर आम्ही आभाळाकडे पाहतो, फार तर हवामान खात्याला शिव्या घालतो. ही देवता यानं कुठून पैदा केली? गाण्यात एक ओळ आहे, 'सासूची कोंबडी कोनाच्या घरी गेली?' त्यावर पुण्याच्या एका विद्वानानं अख्खा परिच्छेद खर्च केला. कोंबडी म्हणजे विस्थापन. मिलच्या मशीनचा जो घरघराट आम्हाला काही केल्या काढता आला नाही, तो म्हणे यंत्रयुगाचा आक्रोश. काका मशीन बंद ठेवायला तयार नव्हता, बाप्पा! एवढाच तो आक्रोश.

पण सगळे जण पागल झाले ते त्या थांबण्यावर. 'प्रश्न विचारून उत्तर नाकारण्याचं धाडस.' 'मौनाचं शिल्प.' नाकानं कांदे सोलणारी ही जमात, हिला रिकामं ताट वाढलं तर त्याचीही चव सांगेल.

मी त्यांना हसतो खरा, पण त्याच विद्वानानं मला 'मौनाला भाषा देणारा गीतकार' म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ती ओळ मी चार दिवस स्टेटसला ठेवली. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही, तशातली गत. त्याच नशेत मी मोटरसायकल काढून मामीकडे गेलो, कौतुक वाचून दाखवायला.

मामी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं वाचलं, सोपं करून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "थे जाऊ दे. जबाब कोनं देल्ला?"

"कसला जबाब?"

"मी थांबून थांबून राहिली ना तुमच्यासाठी! म्हटलं, गानेवाले पोट्टे होत, आता देतीन, मंग देतीन. कोनीच काई बोलून नाई राहिलं. मंग वाटलं, मागून टाकतीन मशीनीत."

मी गाणं मोबाईलवर लावलं. पहिली ओळ झाली, गिटार किंचाळली. मामी दचकली. "हे कोन बोंबलून राहिलं?" दुसरी ओळ झाली, त्यानंतर काहीच नाही. मामी मोबाईलकडे पाहत राहिली. तिसऱ्या ओळीला तिनंच म्हटलं, "बंद कर."

मग तिनं मला समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. एकीनं प्रश्न टाकायचा, हातातली रोपांची पेंडी संपून दुसरी सोडेपर्यंत थांबायचं, तेवढ्यात दुसरीनं जबाब द्यायचा. जबाब ठरलेला नसतो. रोज नवा, जागेवर जोडलेला, चावट असला तर उत्तमच. जबाबाशिवाय ते गाणं नाहीच.

"मामी, पुन्हा रेकॉर्ड करू. जबाब तुम्हीच म्हणा," मी म्हणालो.

"माह्या प्रश्नाले मीच जबाब देऊ? पागल झाला का?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू लिवतेस ना गानी? दे मंग."

आणि तिनं तिथंच आवाज लावला, चांगला उंच, बांधीत लावावा तसा.

"नणंदबाई माहेराले काऊन नाई आली वो, काऊन नाई आली?"

थांबली. माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

माझ्या डोक्यात मौन आलं, शिल्प आलं, विस्थापन आलं. त्या भिकार परीक्षणांतले सगळे शब्द ओळीनं आले आणि एकही तोंडातून बाहेर काढण्याच्या लायकीचा नव्हता. मामीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुह्या मायले त पेंडी सोडाच्या आत सुचे," ती म्हणाली.