मावशीची तुर्की

माझ्या मावशीने तुर्की भाषेचा जेवढा छळ केला तेवढा कुणीच केला नसेल, आणि भाषेपेक्षा आमचाच जास्त. मुरबाडजवळच्या खेड्यात जन्मभर भाताची लावणी केलेल्या ह्या बाईने साठीत तुर्की शिकायला घेतली. कारण तिची लेक वैशाली ऑफिसातल्या तुर्की मुलाशी लग्न करून थेट तिकडे गेली होती, आणि आता ती विहीणबाईंना घेऊन पहिल्यांदाच गावी यायची होती.

"वैशाली सांगेल की त्यांना सगळं," मी म्हटलं.

"पोरीनंच आपली शिफारस करायची काय गो? पोर आईनं सोपवायची असते. आपल्या तोंडानं!"

घ्या!

मोबाइलवरच्या धड्यांत सोपवण्याचं नावही नव्हतं, होत्या नुसत्या वस्तू. ही खुर्ची, खुर्ची जुनी. हे पातेलं, पातेलं मोठं. दिसेल त्यावर बोट टेकवून मावशी ओरडायची. चहा गरम असल्याचं तुर्कीत सांगता सांगता तो पार निवायचा. माझ्या बहिणीसाठी शहापूरला स्थळ बघायला गेलो, तर तिथेही यजमानांच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाली, "सांदाल्ये एस्की!" त्यांनी कौतुकाने अर्थ विचारला आणि हिने तो खरा सांगितला. त्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही.

"अगं, सांभाळा, माया करा, असलं काहीतरी शीक ना!" मी कावून म्हटलं.

"तो धडा अजून नाय आला. आमचं आता लहान-मोठं चाललंय."

विहीणबाई आल्या. मावशीने त्यांना हाताला धरून घरभर फिरवलं. पातेलं मोठं, पाणी गार, खुर्ची जुनी. त्या बिचाऱ्या हसून मान डोलवत होत्या, मी शरमेने पडवीत जाऊन बसले.

निघताना मावशीने त्यांची ओटी भरली. त्यांनी गळ्यातला स्कार्फ पुढे धरला, त्यात नारळ-तांदूळ पडले. आता ही नारळ मोठा म्हणणार, ह्या भीतीने मी डोळे मिटणारच होते. पण मावशीने वैशालीला पुढे ओढलं आणि तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"बू कझ." ही मुलगी.

मग आजवर शिकलेले शब्द एकेक आठवत तिचे ओठ हलले.

"कझ क्युचुक." मुलगी लहान.

वैशाली चांगली तिशी ओलांडलेली. पण कुणी हसलं नाही. माझा तर सगळा राग तिथेच संपला. विहीणबाईंनी एका हाताने ओटी सावरली, दुसऱ्याने वैशालीला जवळ घेतलं आणि मावशीकडे बघून सावकाश, बरंच काही बोलल्या.

"काय म्हणाल्या गो?" मावशीने मला विचारलं.

मला कुठे कळतंय? कळलं होतं फक्त वैशालीला, आणि ती रडत होती.