झिजलेल्या टोकाची मीटरपट्टी

मी आज जो काही आहे, तो पट्टीवाल्या सरांमुळे. आंजी गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर वर्गात येताना काखेत लाकडी मीटरपट्टी घेऊन यायचे, म्हणून हे नाव. त्या पट्टीने त्यांनी कधी कोणाला मारलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी बाक वितीने मोजायला लावला. कोणाच्या आठ विती भरल्या, कोणाच्या दहा. सर हसले. "बाक तोच हाय. मंग लांबी काऊन बदलून राह्यली?" प्रमाणित एकक कशाला लागतं, हे मला पुन्हा शिकवावं लागलं नाही. उत्तरात नुसता आकडा लिहिला की वही परत यायची. "पाच काय लेका? पाच सेंटीमीटर का पाच कोस?"

एका मोजणीवर भरवसा ठेवू नये, तीनदा मोजावं, असं ते सांगत. माझे वडील सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मला अकरावीला वर्ध्याला पाठवा म्हणून सर तीनदा घरी आले. दोनदा नकार ऐकून गेले, तिसऱ्यांदा वडिलांनी होकारार्थी मान हलवली. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या मान हलवण्यातून झाला.

शाळेच्या पट्टीचं सुरुवातीचं टोक झिजलेलं होतं. म्हणून सर एकच्या खुणेपासून मोजायला लावत आणि शेवटी एक वजा करायला सांगत. ती सवय हातात भिनली. वर्ध्याच्या पहिल्या प्रात्यक्षिकात सगळ्यांचा ठोकळा आठ सेंटीमीटर भरला, माझा सात. पट्टी नवी होती, मी शून्यापासून मोजलं होतं, तरी एक वजा केला होता. सगळी प्रयोगशाळा हसली.

त्या शनिवारी मी आंजीच्या शाळेत गेलो आणि भर वर्गात सरांना म्हणालो, "तुमच्या झिजल्या पट्टीनं मले खाली पाहाले लावलं."

सरांनी पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चूक माही हाय. पट्टी बदलली का पहिले टोक पाहाचं, हे सांगाचंच राह्यलं." आणि तिथल्या तिथे मुलांना ते लिहून घ्यायला लावलं.

त्यानंतर लाजेने मी त्यांच्यासमोर गेलोच नाही. जाम गावाजवळच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा सर आजारी असल्याचं कळलं. फोन लावायचं धाडस झालं नाही. पत्र पाठवलं. सर सोमवारी गेले, पत्र बुधवारी पोचलं. मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सरांच्या बाईंनी ते न फोडताच माझ्या हातात परत दिलं, सोबत सरांनी घरी जपलेली ती पट्टीही.

पत्र असं होतं :

"सर, सादर नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही चूक स्वतःवर घेतली. ती माझी होती. वजा का करायचं, हे तुम्ही सांगितलं होतं. मी फक्त वजा करणं लक्षात ठेवलं. आता मीही विज्ञान शिकवतो. मोजण्याआधी मुलांना पट्टीचं टोक पाहायला लावतो आणि तुमचं नाव सांगतो. माफी मात्र समोर येऊन मागायची आहे. या रविवारी येतो.

घरीच राहजा."