खिळ्यावरची दप्तरं

सहावीच्या वर्गात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. साहेबांनी फळ्यावर एक शिडी काढली आणि शेजारी गोल गोल वर चढणारी वाट. म्हणाले, "अभ्यासक्रम शिडीसारखा रचला, तर एक पायरी हुकली की मूल अडकतं. या वाटेवर तोच धडा दरवर्षी थोडा मोठा होऊन परत येतो." मला वाट पटली.

तेवढ्यात माझ्या वर्गातली सविता आत आली. बाहेर तिला नि तिच्या आईबापाला ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर उभा होता. तिनं दप्तर भिंतीच्या खिळ्याला अडकवलं. तोडीला जाणारी पोरं परत येईपर्यंत दप्तर तसंच ठेवून जातात.

"बाई, अपूर्णांक मी आल्यावर शिकवा हां!"

"शिकवते. पण तू ये."

"न येऊन जाते कुठं!" हसत पळाली.

मीही ऊसतोड्याचीच लेक. मावशीनं ठेवून घेतलं, म्हणून घरातली पहिली पदवीधर झाले. ताठ मानेनं सांगते. पण फळ्यावरची वाट पुन्हा नीट बघितली. धडा परत येईल, खरंय. पण पोरही येईल, हे ती वाट धरूनच चालते.

शेजारच्या खिळ्यावर सविताच्या थोरल्या बहिणीचं दप्तर आहे. गेल्या हंगामात तिचं तिकडंच लग्न लावून टाकलं.

ट्रॅक्टर सुरू झाला, तशी भिंत थरथरली आणि दोन्ही दप्तरं हलली.