आंधळ्या भंतेंची शिष्या

माझी भागाआत्या चांगलं दिसत असताना डोळ्यांवर पदर बांधून पाण्याला जायची. डोक्यावर हंडा, काखेत कळशी आणि तोंडाने पावलांची मोजणी. सत्तावीस पावलं झाली की फणस. फणसाला कोपर लावायचं, डावीकडे वळायचं, अकरा पायऱ्या उतरायच्या, की विहीर. नवखा माणूस वाट सोडून बाजूला उभा राही आणि वाडीतल्या कुणाला तरी हळूच विचारी, बाई बऱ्या आहेत ना? वाडीतला माणूस गंभीर चेहऱ्याने सांगे, "बऱ्या हायत. कुंफू शिकतायत."

ते खोटं नव्हतं. आत्याला आता जाऊन वीसेक वर्षं झाली. माझ्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, बाबा, यातलं खरं किती? नोकरीभर मी कारकुनी केली आणि घरात गोष्टी सांगितल्या, त्यामुळे माझ्या शब्दाला दोन्हीकडे किंमत नाही. पण हे खरं आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नही वाडीतल्याच घरात झालं होतं. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो लवकर गेला. मुलगा प्रकाश, तोही मुंबईला, गोदीत कामाला. आत्या एकटी राहायची. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे चार कोंबड्या. मी महाडला एका कचेरीत कारकून होतो आणि वाडीच्या हिशेबी 'साहेब' होतो. म्हणजे कुणाचा दाखला अडला किंवा कुणाला डॉक्टरकडे न्यायचं असलं, की साहेब.

आत्याला मीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिला समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं. नळीतून बघितल्यासारखं, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, की मावशी, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे. थेंब देतो. त्याने उशीर होईल, पण गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही वर्षभर टिकेल असं वाटत नाही.

मी बाहेर येऊन काय बोलावं या विचारात होतो. आत्याच म्हणाली, "सुदामा, मोत्याचा बरा होतो नि काचेचा नाय. बराबर हाय. आपल्याकडं मोती कुठून यायचे?"

आणि ती एस.टी. स्टँडकडे चालू लागली.

प्रकाशला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की पुढच्या वर्षी मे महिन्यात रजा घेऊन येतो आणि आईला कायमची घेऊन जातो. पोरगा मनाने चांगला, लिहिलेलं योग्यच होतं. पण आत्या पूर्वी एकदा सहा महिने मुंबईला राहून आली होती. तेव्हा ती मासळी आणायला गेली आणि वाट चुकून भलत्याच नाक्यावर पोचली. तिथून तिला पोलिसाने घरी आणून सोडलं. "दिसत व्हतं तवा मला तिथं घर सापडलं नाय," ती म्हणाली, "आंधळी होऊन काय सापडणार? बस म्हनतील तिथं बसायचं, ऊठ म्हनतील तवा उठायचं. त्यापरास…" वाक्य तिने पुरं केलं नाही. मला ते पुरं झालेलं नको होतं.

त्याच वर्षी वाडीने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला व्हिडिओ आणायचा. ते दिवसच व्हिडिओचे होते. लग्न असो, बारसं असो, टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून लोक एका दिवसात तीन-तीन सिनेमे बघत. आमच्या पंचकमिटीचे अध्यक्ष तात्या. त्यांनी अट घातली, सिनेमा भगवान बुद्धाचाच पाहिजे, नाचगाणी चालायची नाहीत. काम अर्थातच साहेबांवर आलं.

महाडला हमीदभाईंची व्हिडिओ लायब्ररी होती. मी बुद्धाचा सिनेमा आहे का म्हणून विचारलं. हमीदभाईंनी शोधून एक कॅसेट काढली. वेष्टनावर भलीमोठी बुद्धमूर्ती, पुढे मुंडण केलेले पिवळ्या चीवरातले आठ-दहा भिक्खू हात जोडून उभे. मी समाधानाने विचारलं, "पूर्ण बुद्धाचाच आहे ना?" ते म्हणाले, "शुरू से आखिर तक, साहब, मंदिर में ही है." हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, हे मी आजही मान्य करतो.

सकाळी वंदना झाली, फोटोंना हार झाले, दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला. हमीदभाई स्वतः यंत्र घेऊन आले होते. सगळ्यात पुढे, टीव्हीपासून दोन हातांवर, आत्या. तिच्या उरलेल्या नजरेत टीव्ही बरोबर मावत होता. पडद्यावर डोंगर आले, धुकं आलं, घंटा वाजली आणि मूर्ती दिसली. सगळी वाडी हात जोडून उभी राहिली. "साधू, साधू, साधू." तात्यांनी मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नोकरीतही माझ्याकडे कुणी असं पाहिलेलं नाही.

दहा मिनिटांनी एका भंतेंनी हवेत उडी घेऊन एका माणसाच्या छातीवर लाथ मारली.

समाजमंदिरात श्वास ऐकू येत होते. दुसऱ्या भंतेंनी तिघांना बाकासकट उलटं केलं. तात्या उठले. माझ्याकडे आता ते ज्या नजरेने बघत होते, त्याच्यापुढे लाथ बरी. "सुदाम," ते म्हणाले, "हे काय हाय?" मी म्हणालो, पुढे धम्म येतो. तात्यांनी हमीदभाईंना बटण बंद करायला सांगितलं.

"थांबा," आत्या म्हणाली. ती टीव्हीवरची नजर हलवत नव्हती. "तात्या, खाली बसा. ते म्हातारे भंते आंधळे हायत."

होते खरे. मठातले सगळ्यात थोरले गुरू. पांढऱ्या भुवया, डोळ्यांत बुबुळं नाहीत. ते लांब चोचीच्या किटलीतून चहा ओतत होते, एकामागून एक सात पेल्यांत, आणि थेंब सांडत नव्हता. मागून शिष्य काठी घेऊन दबकत आला. गुरूंनी न वळता काठी धरली आणि त्याला बसायला सांगून आठवा पेला भरला. तात्या खाली बसले.

आता अडचण भाषेची. सिनेमा चिनी बोलत होता आणि खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. सगळे म्हणाले, साहेब सांगतील. साहेबांनी इंग्रजीचा पेपर मॅट्रिकला तीनदा दिलेला. पहिला शब्द लावेपर्यंत ओळ निघून जाई. पण ज्याच्या हातून आधीच एवढा गुन्हा घडला आहे त्याने आणखी काय लपवायचं? मी ठोकून द्यायला सुरुवात केली. गुरू बोलले की मी बोलायचो. एकदा ते नुसते बसले होते, लोक माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरू म्हणतात, घर डोळ्यांना नाही, पायांना पाठ असतं."

आत्याने पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग हमीदभाईंना म्हणाली, "भाऊ, चहाचं पुन्ना लाव."

त्या दुपारी चहाचा प्रसंग सात वेळा लागला. मारामारी बघायला आलेली तरुण पोरं कुरकुरली, तर ती म्हणाली, "मारामारी काय, वाडीत रोज दिसते. शिकतात कसं ते बघा." गुरू तरुण असताना डोळ्यांना फडकं बांधून रांजणांच्या काठांवरून चालायला शिकतात, पडतात, पुन्हा चढतात, तेही तिने चारदा बघितलं. पुढे सिनेमात कोण जिंकलं हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून पदर डोळ्यांवर आला.

आधी घरातल्या घरात. चूल ते माठ चार पावलं, माठ ते उंबरा सहा. मग ओटी, मग फणस, मग विहीर. नडग्या सोलून निघाल्या, एक कळशी चेपली. ती पायऱ्यांवरून घसरली त्या दिवशी मी योगायोगाने वाडीत होतो. धावत गेलो, हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि म्हणाली, "वर जा. मला सुरुवातीपासनं मोजाय लागंल." आणि खरंच, रिकामा हंडा घेऊन पुन्हा उंबऱ्यापासून निघाली. मी फणसाखाली उभा राहून बघत होतो. मी असतो तर दोन दिवस अंथरूण धरलं असतं आणि आठवडाभर लोकांना सांगितलं असतं.

वाडीला तिने नियम घालून दिला, माझ्या वाटेत कुणी काही ठेवायचं नाही, लाकडं नाही, बाज नाही, पोर नाही. आधी लोक हसले. 'कुंफूबाई' म्हणून हाक मारू लागले. तीही ओ देई. पावसाळ्यानंतर हसणं कमी झालं, कारण ती पदर बांधून ओटीवर बसे आणि पायरव ऐकून माणसं ओळखे. "सुदामा, डाव्या चपलेची टाच गेलीय तुझी, बदल." "तात्या, आज गुडघा दुखतोय ना?" तात्या मला म्हणाले, या बाईसमोरून आता कर्जदारासारखं चोरून जायची सोय नाही.

त्या थंडीत मला राहवलं नाही. मी लिहिण्यावाचण्यात खोटं फारसं केलेलं नाही, साहस नव्हतं म्हणून. मी तिला सांगून टाकलं, की आत्या, ते पायांचं वाक्य गुरूंचं नव्हतं. मला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. ते मी मनाचं घातलं.

ती तांदूळ निवडत होती, बोटांनी. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "तवा भंतेजी बोललेच नव्हते. चहा पीत व्हते."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"वाक्य बरं व्हतं." तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "नि तुझ्या तोंडून कवा यायचं पुन्ना तसलं?"

होळीच्या सुमाराला तिने पदर बांधणं सोडलं. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं कंटाळली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ती माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघते आहे. तिने वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. नजर नेमकी कुठल्या दिवशी गेली हे आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

मे महिन्यात प्रकाश आला. मुंबईच्या गाडीची दोन आरक्षणं करूनच आला होता, दुसऱ्या दिवशीची. आईला काय वाटतंय हे तो विचारणार नव्हता, आणि त्याचंही बरोबर होतं. आंधळ्या आईला डोंगरात टाकून मुंबईला कोण झोपेल? त्याने मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. मी मान डोलावली. मी दोघांकडेही मान डोलावत होतो.

आत्याने आम्हाला ओटीवर बसवलं आणि चहाला आत गेली. प्रकाशने आपली मोठी प्रवासी पिशवी सवयीने उंबऱ्यात टेकवली होती. तिची वाट तीच. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती हातात चहाची किटली घेऊन निघालेली होती, आणि मी इतका घाबरलो की ओरडायचंच राहिलं. उंबऱ्याच्या एक वीत अलीकडे ती थांबली.

"परकाश, पिशवी उचल. मुंबईचा वास येतोय."

त्याने पिशवी उचलली. ती ओटीवर आली, बसली, हाताने तीन पेले चाचपून लावले आणि ओतू लागली. पहिला पेला काठोकाठ भरला. दुसराही. तिसरा पेला प्रकाशने, तिला सोपं जावं म्हणून, चार बोटं पुढे सरकवलेला होता. चहाची धार जमिनीवर पडली आणि शेणाने सारवलेल्या ओटीवर पसरत गेली.

प्रकाशचा चेहरा बघवत नव्हता. त्याला जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं आणि त्याला ते नको होतं.

आत्या धारेचा आवाज ऐकून थांबली होती. "पेला हलवलास," ती म्हणाली. मग किटली खाली ठेवून शांतपणे, "आंधळ्या भंतेंचा बी सांडत असंल रे. सांडलेलं सिनेमात दाखवत नाय."

प्रकाश आधी हसला. मग त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. फडकं आणायला उठला तर ती म्हणाली, "बस. कुठं सांडलाय ते मला ठाव हाय." तिने पोतेरं आणलं, ओटी पुसली, पोतेरं जागेवर ठेवलं, हात धुतले आणि तिसरा पेला भरला. या वेळी कुणी काही हलवलं नाही. प्रकाशने चहा पिऊन संपवला आणि पेला जिथून उचलला होता तिथेच, नीट बघून, ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पोलादपूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. गाडी चिक्कार भरलेली. त्याच्या शेजारची खिडकीची जागा आरक्षणाची होती. कंडक्टरने विचारलं, या जागेचं माणूस कुठे आहे? प्रकाश म्हणाला, नाही येत ती. आणि एका उभ्या असलेल्या बाईला त्याने तिथे बसायला सांगितलं.

मी वाडीत परतलो. आत्या ओटीवर होती. गाडी सुटली का, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, माळ्यावर एक गाठोडं हाय, तेवढं काढून दे. मी शिडी लावून काढलं. चांगलं जड होतं. सोडलं तर आत तिची तीन पातळं, चोळ्या, नवऱ्याचा फोटो, पितळी तांब्या, डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली, सगळं घडी घालून, बांधून तयार.

"हे कधी बांधलंस?"

"तो यायच्या आदल्या दिवशी. हरले असते तर बांधायला बसून रडले असते. त्याची गाडी चुकली असती."

काहीतरी करावं म्हणून मी वरचं पातळ उचललं आणि आत दोरीवर टाकायला निघालो. आत्याने हात पुढे करून ते माझ्याकडून काढून घेतलं.

"तू नको ठेवूस," ती म्हणाली. "तुला दिसतंय, तू कुठंबी ठेवशील."